गादीला सुतक नसतं

“बर्फ कुठवर पुरेल, डॉक्टर?”

कारभारी मुतालिकसाहेबांनी हे इतक्या हळू विचारलं की डॉक्टरांना पुढे सरकून कान जवळ न्यावा लागला.

“पुरायचा तेवढा पुरला,” डॉक्टर म्हणाले. “मिरजेहून आणखी मागवलात तरी आता उपयोग नाही. दुपारच्या आत हलवायला हवं. याहून जास्त मी तुम्हाला काय सांगू?”

शनिवारची सकाळ होती. वैशाखातली. सात वाजले नव्हते, तरी सदरेच्या फरशा तापू लागल्या होत्या. आतल्या दालनात थोरल्या सरकारांचा देह ठेवला होता आणि तिथून वितळलेलं पाणी उंबऱ्याखालून बाहेर येत होतं. एक कुळंबीण ते फडक्यानं टिपून घमेल्यात पिळत होती. गुरुवार संध्याकाळपासून ती तेच करत होती.

हेरगुंडी आमचं संस्थान. घोडं चांगलं असलं तर एका दिवसात या टोकाहून त्या टोकाला जाता येईल एवढंच. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि हुजूर कचेरीत इंग्रजी कारकून होतो. इंग्रज सरकारच्या एजंटसाहेबांकडून येणारी पत्रं आणि तारा फोडायच्या, त्यांचा मराठी तर्जुमा करायचा आणि कारभाऱ्यांपुढे ठेवायचा, हे माझं काम. या कामामुळेच त्या सकाळी सदरेवर मोठ्या माणसांत मला उभं राहायला मिळालं होतं.

आमच्याकडे रीत अशी होती की गादी रिकामी असताना राजाचा देह वाड्याबाहेर काढायचा नाही. आधी वारसानं गादीवर बसायचं, मग तिरडी उचलायची. आणि जो बसला, तो त्या घटकेपासून राजा. राजाला बाप नाही. गादीला सुतक नसतं, असं जुनी माणसं म्हणत. त्यानं मृताला शिवायचं नाही, खांदा द्यायचा नाही, स्मशानाच्या वाटेकडे तोंडसुद्धा करायचं नाही. अग्नी भाऊबंदांपैकी कुणी तरी द्यायचा.

पूर्वी हे सगळं तासाभरात उरकत असे. पण अलीकडे एजन्सीचं परिपत्रक आलं होतं. सरकारची मंजुरी आल्याखेरीज कोणत्याही संस्थानात कोणी गादीवर बसायचं नाही. बसला तर ते बसणं धरलं जाणार नाही. गुरुवारी थोरले सरकार गेले त्याच संध्याकाळी आम्ही तार केली. एजंटसाहेबांची कचेरी उन्हाळ्यासाठी डोंगरावर गेलेली. तिथून पुढे सिमल्याला विचारायचं, सिमल्याहून परत. शुक्रवार गेला. मंजुरी नाही म्हणून गादी भरत नव्हती आणि गादी भरत नाही म्हणून देह निघत नव्हता.

“शास्त्रीबुवा,” मुतालिकसाहेब राजोपाध्यायांकडे वळले, “डॉक्टर काय म्हणतात ते ऐकलंत. काही वाट काढा.”

नृसिंहशास्त्री ऐंशीला आलेले. डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, “वाट एक आहे. थोरल्या सरकारांचे आजे गेले तेव्हा वारस काशीला होता. गादीवर तलवार ठेवली होती. तलवार बसली म्हणजे गादी भरली.”

“म्हणजे आज देह काढता येईल?”

“येईल. आणि युवराज अजून गादीवर नाहीत, म्हणजे ते नुसते पुत्र. अग्नी त्यांनीच द्यायचा.”

भिंतीशी दाजीसाहेब बसले होते. थोरल्या सरकारांचे चुलतभाऊ. गादीवर त्यांचा डोळा आहे हे संस्थानात पोरासोरांना ठाऊक होतं. ते म्हणाले, “आणि तेवढ्यात तार आली तर?”

“तिरडी उचलण्याआधी तार आली,” शास्त्रीबुवा म्हणाले, “तर मग सरकारी मंजुरी झाली. मग तलवारीचं काम नाही. युवराजांनी गादीवर बसायचं आणि अग्नी तुम्ही द्यायचा.”

“आणि मंजुरी आलेली असताना ते स्मशानात गेले तर?”

“तर त्यांनी गादीला पाठ दाखवली असं होईल.”

दाजीसाहेबांनी मान हलवली. त्यांना एवढंच सर्वांदेखत वदवून घ्यायचं होतं.

दहा वाजता तिरडी उचलायची ठरली. मुतालिकसाहेब उठता उठता मला म्हणाले, “टिपणीस, तुम्ही कचेरीतून हलू नका. तार आली की तडक माझ्या हातात.”

आमच्याकडे तारघर नव्हतं. ते अकरा मैलांवर रेल्वे स्टेशनात. तिथे संस्थानचा जासूद बसलेला असे. पूर्वी घोड्यावर ये-जा करायचे, दोन वर्षांपूर्वी थोरल्या सरकारांनी जासुदांना सायकली दिल्या होत्या. त्या दिवशी पाळी लगमू नाईकाची होती. लगमू पन्नाशीचा असेल. त्याचा बाप जासूद, आजा जासूद. सायकलवर बसायला शिकताना त्याचे दोन दात पडले होते आणि ते तो हसून सगळ्यांना दाखवत असे.

पावणेनऊला तो कचेरीच्या दारात आला. घामानं अंगरखा पाठीला चिकटलेला.

“आली जनू, सायब,” तो म्हणाला आणि लिफाफा माझ्या हातात दिला.

कचेरीत दुसरं कोणी नव्हतं. सगळे वाड्याच्या चौकात गर्दी करून उभे होते. मी तारांची वही पुढे केली, लगमूनं अंगठा उमटवला. वेळेचा रकाना मी भरला नाही. मुद्दाम नव्हे. लिफाफा फोडायची घाई झाली होती, इतकंच.

“मी जाऊ का सायब? धन्याचं शेवटचं दर्शन घेतो.”

“जा,” मी म्हणालो.

तार चार ओळींची होती. युवराज हैबतराव यांच्या वारसाहक्कास मान्यता देण्यात येत आहे, गादीवर बसवण्यास हरकत नाही, एजंटसाहेब सोमवारी खलिता घेऊन येत आहेत. वर स्टेशनच्या तारघराचा शिक्का होता, सकाळी सात दहाचा.

मी ती हातात घेऊन वाड्याकडे निघालो. मुतालिकसाहेब आईसाहेबांच्या महालात आहेत असं कळलं. तिकडे जायचं तर पश्चिमेच्या सोप्यावरून जावं लागे. त्या सोप्याच्या कडेच्या खोलीत युवराज होते. दार उघडं होतं.

युवराज एकवीस वर्षांचे. बंगळूरला शिकत होते. गुरुवारपासून त्यांना त्या खोलीत ठेवलं होतं, कारण तार कोणत्याही घटकेला येईल आणि आली की लगेच बसवायचं. दोन दिवस रोज पहाटे न्हाऊ घालायचं, रेशमी मुकटा नेसवायचा आणि पाटावर बसवून ठेवायचं. कुणी शिवायचं नाही. दोन भिंतींपलीकडे बाप बर्फावर होता.

मला पाहून ते उठले. माझ्या हातातला गुलाबी कागद त्यांनी पाहिला.

“आली?”

मी तो पाठीमागे नेला. पण माझा चेहरा लपवण्यासारखा नव्हता.

“काय आहे त्यात?”

“मान्यता आहे, सरकार.”

ते खाली बसले. मला वाटलं, आता म्हणतील, जा, कारभाऱ्यांना द्या. तसं म्हणाले असते तर माझं आयुष्य सरळ गेलं असतं. पण ते म्हणाले, “टिपणीस, तुमचे वडील आहेत?”

“नाहीत. चार वर्षं झाली.”

“अग्नी कुणी दिला?”

“मी.”

त्यांनी बराच वेळ माझ्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मी बुधवारी आलो. आबांना बोलता येत नव्हतं. डाव्या हातात थोडी शक्ती होती. त्यांनी माझा अंगठा मुठीत धरला तो सोडलाच नाही. गुरुवारी संध्याकाळी शास्त्रीबुवा आत आले आणि म्हणाले, आता युवराजांनी इथून उठावं, शेवटच्या घटकेला वारस जवळ असू नये. मी उठेना. तेव्हा आबांची बोटं सोडवली. एक-एक करून सोडवली. अजून जीव होता, टिपणीस. ते माझ्याकडे बघत होते.”

बाहेर चौकात कुणीतरी बांबू टाकल्याचा आवाज झाला. तिरडी बांधायला घेतली होती.

“ही तार तीन तास उशिरा आली असती,” ते म्हणाले, “तर कुणाचं काय बिघडलं असतं?”

त्यांनी हुकूम केला नाही. केला असं मी आजही म्हणत नाही. त्यांनी नुसतं विचारलं, आणि डोळे पुसायला हात वर नेला, पण मुकट्याला अश्रू लागेल म्हणून तो मध्येच थांबवला. मी तार दुमडून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली.

मला त्यांची दया आली होती. पण पुढं होणारा राजा आपल्याला एकट्याला काही मागतो आहे, याचंही मला काहीतरी वाटलं होतं. दोन्हींत जास्त काय होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

दहाला तिरडी उचलली. गादीवर तलवार ठेवली होती. युवराजांनी मुकटा फेडून साधं धोतर नेसलं आणि पुढचा खांदा दिला. वाटेत दुतर्फा माणसं होती, बायका घराच्या पायऱ्यांवर बसून रडत होत्या. मी कचेरीत बसायचं सोडून मागून चालत होतो. गर्दीत एकदा लगमू दिसला. डोक्यावरचं मुंडासं काढून हातात धरलं होतं आणि लहान मुलासारखा हुंदके देत होता.

नदीला पाणी नव्हतंच म्हटलं तरी चालेल. घाटाखाली डबक्यात युवराजांना अंघोळ घातली. खांद्यावर मडकं घेऊन ते चितेभोवती फिरले. अग्नी दिला आणि ओंडके धडधडायला लागल्यावर सगळे मागे सरले, युवराज सरले नाहीत. कुणीतरी हाताला धरून ओढलं तेव्हा त्यांच्या भुवया जळाल्या होत्या. ते रडत होते, मोठ्यानं, तोंड उघडं ठेवून. आमच्या संस्थानात बापासाठी रडलेला राजा त्याआधी कुणी पाहिला नव्हता.

बाराच्या पुढे सगळे परत आले. मी कचेरीत जाऊन वही उघडली. लगमूच्या अंगठ्याशेजारी वेळेच्या रकान्यात लिहिलं, बारा चाळीस. मग तार घेऊन मुतालिकसाहेबांकडे गेलो.

त्यांनी ती वाचली. मग शिक्का पाहिला. मग मला पाहिलं.

“सात दहा,” ते म्हणाले.

“हो साहेब.”

“आणि इथे?”

“बारा चाळीस.”

त्यांनी तारेची घडी घातली. शास्त्रीबुवांना बोलावून घेतलं. बुवांनी पंचगव्य दिलं, प्रायश्चित्ताचा संकल्प सोडला, आणि दिवस कलायच्या आत युवराजांना गादीवर बसवलं. वाजंत्री नाही, तोफ नाही. गादीवर बसताच त्यांचं सुतक फिटलं. सकाळी जो मुलगा घाटावर रडत होता त्याला आता तेराव्यापर्यंत काहीच पाळायचं नव्हतं, कारण त्याचं कुणी गेलंच नव्हतं.

सोमवारी एजंटसाहेब आले. त्यांच्यासाठी दरबारात खुर्ची ठेवायची की नाही यावर आधीच्या महिन्यात एका दुसऱ्या संस्थानात वाद झाला होता, म्हणून आम्ही तो आधीच मिटवला होता. ते बूट काढणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या खुर्चीपुरता गालिचा गुंडाळून फरशी उघडी केली. शास्त्रीबुवांचा विधी साडेतीन तासांचा. साहेबांना चारची गाडी गाठायची होती. बुवांना वीस मिनिटं दिली. पाच नद्यांच्या पाण्याचे कलश मांडले होते, त्यातला एकच उघडला. बुवांचे ओठ हलत राहिले, आवाज मात्र इंग्रजी खलित्याच्या वाचनात बुडून गेला. त्याचा मराठी तर्जुमा मी वाचला. सबंध दरबार माझ्याकडे पाहत होता. माझी आई चिकाच्या पडद्यामागे बसली होती आणि घरी गेल्यावर तिनं माझी दृष्ट काढली.

दरबार उठल्यावर एजंटसाहेबांच्या चिटणिसानं मुतालिकसाहेबांना बाजूला घेतलं. साहेबांची तार स्टेशनात सात दहाला पोचली. कारभाऱ्यांच्या हाती बारा चाळीसला. दरम्यान वारस स्मशानात गेला. दाजीसाहेबांनी सकाळीच विश्रांतिगृहावर जाऊन तक्रार केली होती की तार दाबून ठेवली. गाडी सुटण्याआधी लेखी खुलासा हवा.

तासाभरात चौकशी झाली. कचेरीत मुतालिकसाहेब, चिटणीस, दाजीसाहेब आणि मी. लगमूला बोलावलं. तो हात जोडून उभा राहिला.

“तार कधी दिलीस?”

“नवाच्या आत, सरकार. ह्या टिपणीस सायबांच्या हातात दिली. आंगठा बी लावला की.”

मुतालिकसाहेबांनी वही त्याच्यापुढे धरली, जसं काही त्याला वाचता येत होतं. “इथे बारा चाळीस लिहिलंय.”

लगमूनं वहीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. रस्त्यात वाट चुकल्यावर माणूस ओळखीच्या माणसाकडे पाहतो तसं.

“सायबांस्नी इचारा की,” तो म्हणाला.

“टिपणीस?”

“बारा चाळीस,” मी म्हणालो.

दाजीसाहेब पुढे झुकले. “पण हा दहा वाजता अंत्ययात्रेत होता. मी स्वतः पाहिला. आणखी दहाजण सांगतील. मग तो आधीच आला होता, आणि तार कुणाकडे होती?”

त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. आणि तेव्हा मुतालिकसाहेबांनी, तीस वर्षं कारभार केलेल्या माणसानं, एकदाही माझ्याकडे न पाहता लगमूला विचारलं, “तू यात्रेत होतास?”

“व्हतो, सरकार.”

“नदीपर्यंत गेलास?”

“गेलो की. धनी व्हतं माजं.”

“म्हणजे तू गावात आलास, यात्रा निघताना पाहिलीस, तार अंगरख्यात ठेवून तसाच यात्रेबरोबर गेलास. आणि परत आल्यावर कचेरीत दिलीस.”

“न्हाई, सरकार! म्या आदी दिली. आदी दिली आनी मग गेलो. सायब म्हनलं, जा. सायब, तुमी म्हनला न्हाई का, जा?”

मी वहीकडे पाहत राहिलो. मला खोटं बोलायचीसुद्धा गरज पडली नाही. गप्प राहणं पुरलं.

चिटणिसाला पटलं. गाडीची वेळ होत आली होती. दाजीसाहेबांना पटलं की नाही ठाऊक नाही, पण जासुदाच्या हलगर्जीपणावर त्यांना पुढे काही बांधता येईना. बडतर्फीचा हुकूम मीच लिहिला. लगमू नाईक यास सरकारी तार वेळेवर न पोचवल्याबद्दल नोकरीवरून दूर करण्यात येत आहे, त्याच्या घराण्याकडील जासुदकी खालसा. शाई वाळू न देता मुतालिकसाहेबांनी मला तो महाराजांकडे न्यायला सांगितला.

गादीवर बसलेल्या हैबतराव महाराजांपुढे सहीसाठी गेलेला तो पहिला कागद.

त्यांनी तो वाचला. त्यांच्या भुवयांच्या जागी अजून लालसर डाग होते. शेजारी चिटणीस उभा होता, मागे मुतालिकसाहेब. महाराजांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ते आता बोलतील. त्यांनाही बहुधा मी बोलेन असं वाटलं असावं. मग त्यांनी सही केली. नवी मोहोर अजून आली नव्हती म्हणून थोरल्या सरकारांचीच लावली.

संध्याकाळी कचेरी बंद करताना मुतालिकसाहेब माझ्याजवळ थांबले. “टिपणीस, मी तुम्हाला काही विचारलेलं नाही,” ते म्हणाले. “तुम्हीही मला कधी काही सांगू नका.”

लगमू दुसऱ्या दिवशी माझ्या दाराशी आला. मी आतल्या खोलीत होतो. बायकोला म्हणालो, सांग, घरी नाहीत. तो ओट्यावर दुपारपर्यंत बसून होता. मग गेला. पुढं कळलं की तो सासुरवाडीच्या गावाला राहायला गेला, डोंगराच्या पायथ्याला. त्याच्या थोरल्या मुलाचं जासुदकीवर जमलेलं लग्न मोडलं.

त्यानंतर तेरा वर्षं मी नोकरी केली. बढतीही मिळाली. दाजीसाहेब वारले. अठ्ठेचाळीसात संस्थान विलीन झालं. महाराजांनी करारावर सही केली त्या दिवशी वाड्यात फारसं कुणी नव्हतं. नव्या सरकारचे एक अधिकारी आले, खादीतले, सभ्य; दहा मिनिटांत काम उरकलं आणि त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. गादी गुंडाळून ठेवायची की तशीच राहू द्यायची याबद्दल त्यांच्याकडे काही नियम नव्हता. महाराजांनी विचारलं, तर ते म्हणाले, “जशी तुमची इच्छा.”

ते गेल्यावर महाराज आणि मी दोघंच उरलो. चौतिशीतच त्यांचे केस पिकले होते.

“टिपणीस,” ते म्हणाले, “तेरा वर्षं मी काय केलं म्हणाल तर सह्या केल्या. मनासारखी गोष्ट एकच झाली हातून. ती तुमच्यामुळे. आबांना मी अग्नी दिला. अजून एखाद्या दिवशी झोप लागत नाही तेव्हा मी तेच आठवतो, आणि मला बरं वाटतं.”

“त्याचं लगमूला भोगावं लागलं, महाराज,” मी म्हणालो. तेरा वर्षांत पहिल्यांदा ते नाव मी तोंडातून काढलं.

“कुणाला?”

“लगमू नाईक. जासूद.”

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. खरोखर केला. “मला नाव लक्षात नाही,” ते म्हणाले. “काय झालं त्याचं?”

मी ठाऊक नाही म्हणालो. ते खरं होतं. पुढच्याच आठवड्यात मी त्याच्या गावाला गेलो.

गाडीरस्ता संपल्यावर दोन मैल चालावं लागलं. लगमूचं घर गावाच्या कडेला होतं. तो अंगणात बाजेवर बसून दोरी वळत होता. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. मी नाव सांगितलं तेव्हा तो धडपडत उठला आणि वाकून हातांनी माझे पाय शोधू लागला. मी त्याला धरून बसवलं.

“सुनबाई, च्या ठेव,” त्यानं आत हाक दिली. “हेरगुंडीचं टिपणीस सायब आल्याती. माज्या घरला.”

काय बोलायचं ते मी पाठ करून आलो होतो. तरी बराच वेळ इकडचंतिकडचं बोललो. पाऊसपाणी, मुलं. थोरला मुलगा इचलकरंजीला मागावर होता. मग लगमूच म्हणाला, “सायब, माज्या मनात लई दिस हाय. तुमची माफी मागायची व्हती. तुमच्या दाराशी आलतो एकदा, तुमी घरी नव्हता.”

“माझी माफी?”

“मग. तवा चौकशीत म्या तुमास्नी खोटं पाडाया गेलो. चारचौघांत. म्हनलो, नवाच्या आत दिली.”

“लगमू, तू नवाच्या आतच दिली होतीस.”

तो हसला. पुढचे दात आता एकही उरले नव्हते. “न्हाई वो. म्या इचार करून बगितला. किती वर्सं इचार केला. धनी गेल्यालं, माजं डोस्कं ठिकानावर कुटं व्हतं? चौकात आलो तर तिरडी दिसली. तसाच गेलो मागनं. तार अंगातच ऱ्हायली. घाटावर रडताना हात लागला तिला, तवा ध्यानात आलं. मला आठवतंय आता. कागुद घामानं वला झालता.”

“नाही. ऐक माझं. तू पावणेनऊला कचेरीत आलास. मी तार घेतली. मी ती खिशात ठेवली, मी. महाराजांना अग्नी देता यावा म्हणून. आणि नंतर वहीत खोटी वेळ लिहिली. तुझी काही चूक नव्हती. मी तुझी नोकरी घालवली.”

मी हे सगळं एका दमात बोललो. सून चहाचे कप घेऊन दारात आली होती, ती तशीच उभी राहिली. लगमू दोरी मांडीवर ठेवून ऐकत होता. त्याचे पांढुरके डोळे माझ्या खांद्यापलीकडे कुठं तरी लागले होते.

“बग,” तो सुनेला म्हणाला, “मोठी मानसं कशी असत्यात. माज्या म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हनून सवताच्या अंगावर घ्यायला आल्याती.”

“लगमू, हे खरं आहे.”

“सायब,” तो म्हणाला, “वहीत लिवल्यालं व्हतं की.”

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, सावकाश. त्यानं मध्येच माझा हात चाचपून आपल्या हातात घेतला आणि तो थोपटत राहिला. “असू द्या,” म्हणाला, “असू द्या. चुका मानसाकडनंच हुत्यात. म्या मनाला लावून घेत न्हाई आता. तुमी बी घिऊ नका. च्या घ्या, निवंल.”